तेरवीपर्यंतची मुदत

चंद्रपूरच्या दवाखान्यातून फोन आला, तो माझ्यावरच. "गोकुळाबाई गेल्या," एवढंच कोणी म्हणालं. फोन तिकडून बंद झाला, तरी मनसाराम मला कानाला धरून "हो, हो" म्हणत राहिला.

मित्रांनो, मी त्याच्या बायकोचा, गोकुळाबाईचा, बटणांचा जुना मोबाइल. आमचं गाव पोंभुर्ण्याजवळ. माझ्या अंगाला मासळीचा वास आहे आणि त्याची मला लाज नाही. तलावातून जाळं काठावर आलं की ती ओल्या हातानेच बटणं दाबायची. "रंजीता, मरळ निघाली, टोपलं घेऊन ये वो!" रंजीता आणि मासळी विकणाऱ्या बाकीच्या बाया यायच्या, मासळी ताजी असतानाच बाजारात जायची. माझ्यामुळे एकही टोपलं काठावर सडलं नाही. मी पाण्यात पडलो की ती मला तांदळात पुरून ठेवायची. सुकलो की पुन्हा कामाला.

मध्येच रिचार्ज संपू नये म्हणून तिने महिन्याच्या बिलाचं कार्ड घेतलं होतं. ते बिल सुतकात आलं. सुतकात मनसारामच्या घरातून पैसा बाहेर जात नाही. त्याने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, बायको वारली. तेरवी होऊ द्या, मंग भरतो."

"ठीक आहे काका, मुदत वाढवली."

"लय उपकार झाले, बाई."

गावातला दुकानदार थांबतो, तेव्हा थांबण्याचे पैसे घेत नाही. मनसारामला तेवढंच ठाऊक होतं.

तेरवीनंतर तो रंजीतासोबत बिल भरायला गेला. रक्कम फुगली होती. मुदतीचं शुल्क वेगळं, उशिराचा दंड वेगळा. त्याने तिथूनच फोन लावला.

"मुदत तुम्हीच देल्ली ना? मंग उशीर कसा झाला?"

"काका, शुल्क लागतंच."

"आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मयतीच्या घरी कोणी भाव विचारते का, बाई?"

पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. मग, "तक्रार नोंदवते."

रंजीता म्हणाली, "भाऊ, बंद करा ना हा नंबर."

"सारा बाजार गोकुळाले याच नंबरानं ओळखते. बंद कसा करू?"

त्याने सगळे पैसे भरले. गोकुळाबाईच्या फोटोला चौकट करायला ठेवलेले पैसेही त्यात गेले.

दुसऱ्या सकाळी जाळं निघालं. मनसारामने ओल्या हाताने माझी बटणं दाबली आणि मी पहिल्याच खेपेला लागलो.

मित्रांनो, कोणी मुदत दिली तर तिचे पैसे किती, हे तेव्हाच विचारा. दुःखात असाल तरी विचारा.

तक्रारीचं उत्तर आलेलं नाही. फोटोची चौकट करायची राहिली आहे.