केतकीचं पोटभर रडणं

मुलांनो, जरा डोळे मिटा. हेमंतातली सकाळ डोळ्यांपुढे आणा. धुकं विरतं आहे, आणि केशरी, कोवळं, कापसाहून हलकं ऊन एका मोठ्या इस्पितळाच्या उंच खिडकीतून आत उतरतं आहे. आत शुभ्र भिंती, शुभ्र चादर. आणि चादरीवर, नळ्यांच्या नाजूक वेलींत गुंतलेलं एक कळीएवढं बाळ. तिचं नाव केतकी.

उशाशी यंत्राच्या काचेवर एक हिरवी रेघ चालते आहे. चढते, उतरते, चढते, उतरते. ती केतकीच्या हृदयाची चाल. त्या इवल्या हृदयात जन्मापासून एक छिद्र होतं, आणि रक्ताची एक वाट फार अरुंद होती. डॉक्टरांनी छिद्र बुजवलं, वाट रुंद केली.

खाटेशी उभी आहे तिची आई, सारिका. तिला एकाच रंगाची धास्ती: निळ्याची. केतकी रडली की निळी पडायची. आधी ओठ, मग नखं, मग सगळा चेहरा. दिवस मावळताना दूरचे डोंगर निळे होत जातात, तशी.

म्हणून त्या घरानं केतकीला कधी रडूच दिलं नाही. कुकरची शिट्टी व्हायच्या आत कुणीतरी धावायचं. आजोबा शिंकायला परसात जायचे. गल्लीतली पोरं दारावरून चपला हातात घेऊन जायची. आणि बाळाचा ओठ थरथरला, की सारिका डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिचे गुडघे पोटाशी दुमडून तिला छातीशी धरायची, म्हणजे निळाई उतरायची. उगी, उगी, उगी. झोपेतही तिच्या तोंडी तेच.

आज श्वासाची नळी निघाली. केतकीची छाती आपली आपण वर आली, आपली आपण खाली गेली. मग हनुवटी आक्रसली. ओठ थरथरला. आणि घोगरा, खरखरीत, ओल्या लाकडासारखा धुमसणारा एक आवाज निघाला.

सारिकाचा हात झेपावला. "उगी, उगी, माझी बाय..."

कुंदा सिस्टरनी तिचं मनगट हलकेच धरलं. "थांबा ताई. आम्ही सगळे हिच्या रडण्याची वाट बघतोय, आणि तुम्ही तिला गप्प करताय होय?"

"निळी पडंल ओ ती."

"बघा तरी. मी आहे की इथं."

सारिका बघत राहिली. पापणी न लववता, श्वास न घेता, फक्त त्या ओठांकडे बघत राहिली. रडणं चढलं. ओठ गुलाबी झाले. रडणं आणखी चढलं. गाल लाल, कान लाल, कपाळ लाल; पिकल्या डाळिंबासारखं लालबुंद झालं लेकरू. निळाईचा मागमूस नाही. नखांच्या टोकांपर्यंत नुसती पहाट फुटलेली.

"केवढा गळा काढती ओ," डोळे पुसत सारिका हसली. "अगदी सासूबाईंवर गेलीया."

"हळू बोला. बाहेरच बसल्यात त्या."

आणि केतकीनं काय केलं? रडता रडता ती मध्येच थांबली. नळी नसलेल्या हाताची मूठ डुगडुगत वर आली. गालावर चुकली, नाकावर चुकली, आणि अखेर तोंडाशी पोचली. डोळे मिटून, उन्हात न्हात, चुळुक चुळुक, चुळुक चुळुक, केतकी आपली मूठ चोखू लागली. तिला भूक लागली होती.