पालथी पुस्तकं

धाकट्याने हातमोजे चढवले, नाकाला रुमाल बांधला आणि दादाच्या कपाटातलं पहिलं पुस्तक मेलेली पाल शेपटीला धरून उचलावी तसं दोन बोटांत उचललं.

"भावजी, पुस्तक आहे ते. चावत नाही," वहिनी दारातून म्हणाल्या.

"तुम्हाला दिसत नाही म्हणून असं म्हणता."

"तुम्हाला जे दिसतं ते आम्हाला कधी न दिसो."

धाकट्याने सत्तरी ओलांडली होती, तरी घरात तो धाकटाच होता. सगळी नोकरी त्याने रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत केली. लोकांची थुंकी काचेच्या पट्टीवर पसरायची, तिला रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि त्यात काय वळवळतंय ते लिहून द्यायचं, हे त्याचं काम. हे काम करून घरी आलेला माणूस पाण्याचा पेला उचलतानाही काठाकडे दोनदा बघतो. आणि अशा माणसाच्या वाट्याला भाऊ यावा तो दादासारखा!

दादा कचेरीत होता. फायली चाळण्यात त्याचा जन्म गेला आणि त्या चाळता चाळता बोट ओलं करायची सवय हाडीमाशी खिळली. जिभेला बोट सगळेच लावतात, पण दादाचं तसं नव्हतं. आधी जीभ बाहेर येई, मग उजव्या हाताचं बोट तिच्यावर टेके, तिथे जरा घोळे, आणि मग ते चकचकीत बोट पानाच्या खालच्या कोपऱ्यावर येऊन बसे. पान उलटलं की पुन्हा तेच. त्यामुळे दादाने वाचलेलं पुस्तक लांबूनही ओळखू यायचं. खालचा कोपरा फुगलेला, चहात बुडवून वाळवलेल्या बिस्किटासारखा. प्रत्येक पानावर तपकिरी अर्धचंद्र. सर्दीच्या दिवसांत वाचलेलं असेल तर दोन-दोन पानं एकमेकांना चिकटलेली, आणि ती कशाने चिकटली आहेत हे धाकट्याइतकं नेमकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरी ही सगळी पुस्तकं त्याने वाचली होती. खिशात एक लाकडी पट्टी असायची, डॉक्टर घसा बघताना जीभ दाबायला वापरतात तशी. तिच्या टोकाने तो वरच्या बाजूने पान उचलायचा आणि उलटायचा. लोकांना ती वाचनखूण वाटे. त्यानेही कधी खुलासा केला नाही.

आता घर विकलं होतं. दादा आणि वहिनी मुलीकडे राहायला निघाले होते आणि मुलीने बजावलं होतं की पुस्तकांसाठी एकच फळी मिळेल. धाकट्याने रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली होती, तिथेही एकच फळी. त्या फळीवर काय ठेवायचं एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता, आणि उत्तर त्याने मनाशी पक्कं केलं होतं. उरलेल्या दिवसांत त्याला उघड्या हाताने धरता येतील अशी पुस्तकं हवी होती. कोरडी, सपाट, कुणाच्याही तोंडातून न गेलेली. याहून मोठी हाव त्याने आजवर धरली नव्हती.

"ठेवायची, बदलायची, द्यायची," तो ढिगांकडे बोट दाखवत म्हणाला. "दादा, तुझी तू निवड. उरतील ती वाचनालयाला. जशी असतील तशी घेतो म्हणालेत."

"जशी असतील तशी म्हणजे?" खुर्चीत बसलेल्या दादाने विचारलं. त्याच्या मांडीवर एक जाडजूड कादंबरी होती आणि बोट जिभेवर होतं.

"म्हणजे जुनी."

"मग जुनी म्हण ना."

 धाकट्याने पुस्तकं काढायला घेतली. एकातून कसर पळाली. एकात झुरळाच्या अंड्यांची कुपी कण्याला डकवल्यासारखी बसली होती. एकात नखाचा कापलेला तुकडा निघाला आणि तो कुणाच्या बोटाचा असेल याचा विचार न करण्याचा त्याने प्रयत्न केला. कुबट, आंबूस वास रुमालातून आत येतच होता. दादा मात्र मजेत होता. एकेक पुस्तक उघडी, दोन-चार पानं ओली करी, "अरे, हे!" म्हणे आणि ठेवायच्या ढिगावर टाकी. ढीग खुर्चीच्या हाताएवढा झाला.

"एक फळी आहे, दादा."

"चेपून बसवू."

"ती आता चेपली जात नाहीत," धाकटा म्हणाला. "कोपऱ्यात फुगलीत."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. दादाने पान उलटलं.

तिथून धाकटा वर आपल्या खोलीत आला आणि सुटल्यासारखा श्वास घेतला. वरचं काम सोपं होतं. त्याच्या खोलीतल्या सगळ्यात खालच्या फळीवर होती ती पालथी पुस्तकं. ती त्याने बदलायच्या ढिगात धरली होती. जुन्या पुस्तकांचा दुकानदार दुपारी टेम्पो घेऊन येणार होता आणि त्यांच्या बदल्यात दुकानातली दुसरी, न हाताळलेली देणार होता.

पालथ्या पुस्तकांची गोष्ट अशी. दोघे भाऊ पुस्तकं मिळून घेत. दादा खाली राही, धाकटा वर, आणि जिन्याच्या मधल्या वळणावर एक स्टूल होतं. आधी दादा वाचे. तसं ठरलं कधीच नव्हतं, पण थोरला आधी हे काय ठरवायचं असतं? वाचून झालं की पुस्तक स्टुलावर येई आणि धाकटा वर जाताना ते उचलून नेई. एकदा, दोघे ऐन तारुण्यात असताना, स्टुलावरचं पुस्तक पालथं होतं, मुखपृष्ठ खाली. त्याच संध्याकाळी जेवताना दादा कशाबद्दल तरी म्हणाला, "फुकट वेळ गेला." जेवताना मीठ मागायलाही लाजणाऱ्या धाकट्याने या दोन गोष्टी मनातल्या मनात जोडल्या. पुस्तक सरळ असेल तर वाच, पालथं असेल तर वाचू नकोस, दादा इशारा देतोय. असं कसं, म्हणून त्याने विचारलं नाही. त्यानंतर जे जे पालथं मिळालं ते न उघडता, कोपऱ्याकडेही न बघता थेट खालच्या फळीवर गेलं. त्यातली कितीतरी त्याने स्वतः हौसेने निवडलेली होती. मधमाश्यांवरचं होतं, जहाजावरच्या डॉक्टराचा प्रवास होता, आरशांचा इतिहास होता. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आपली निवडच भिकार. दादाला कळतं.

गठ्ठे बांधायला त्याने पहिलं पुस्तक उचललं, ते मधमाश्यांचंच. ते हातात सपाट बसलं. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. त्याने खालचा कोपरा बघितला. कोपरा काटकोनात होता, धारदार. त्याने उजव्या हाताचा मोजा काढला आणि उघड्या बोटाने कोपरा चाचपला. अर्धचंद्र नाही, फुगवटा नाही. पानांच्या कडा छापखान्यातून आल्या तशा एकमेकींना बिलगून होत्या. आतून शाईचा वास आला.

त्याने दुसरं बघितलं. मग खाली बसून सगळी फळीच उपसली. एकही पान ओलं झालेलं नव्हतं. दादाने यातलं एकही पुस्तक उघडलेलं नव्हतं.

थुंकीची किळस त्याच्या ओळखीची होती. ती घशाशी येते आणि गिळता येते. ही वेगळी होती. ही खालून, पोटातून आली आणि गिळता येईना. म्हणजे आपण निवडलेलं दादा उघडतसुद्धा नव्हता. नुसतं नाव वाचायचा आणि पालथं घालायचा. आणि आपण? आपण त्या न वाचणाऱ्याच्या मतावर जन्मभर मान डोलावली, आणि त्याने चाटलेलं उष्टं पट्टीने उचलून उचलून प्रसादासारखं सेवन केलं. कुणाचा अधिक तिटकारा करावा हे त्याला ठरवता येईना.

मधमाश्यांचं पुस्तक घेऊन तो जिना उतरला.  रागाने विचारायचं म्हणजे आधी काय म्हणतात हेही त्याला नीट माहीत नव्हतं.

"दादा, हे वाचलंस तू?"

दादाने चष्म्यावरून बघितलं. "नाही."

इतकं सरळ उत्तर येईल अशी त्याची तयारी नव्हती. "मग पालथं का घातलंस?"

"तुझं होतं ना ते."

"माझं म्हणजे?"

"तुझ्या आवडीचं. दुकानात हातातून सोडवत नव्हतं तुला." दादाने मांडीवरचं पुस्तक मिटलं. "ती तुझी लाकडी पट्टी. मला काय डोळे नव्हते? मी वाचलेल्या पुस्तकाला तू बोट लावत नाहीस हे मला केव्हाच दिसलं होतं. सवय काही सुटेना. मग म्हटलं, याच्या जिव्हाळ्याची तरी याला कोरी मिळू देत. ती पालथी ठेवायचो. म्हणजे मी उघडलेलं नाही, तू आधी वाच."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझ्या थुंकीची तुला किळस येते हे मला कळलंय, असं? सख्खा भाऊ ना तू?"

धाकटा उभाच राहिला. रुमाल अजून नाकावर होता. तो काढावा असं त्याला वाटलं, पण हात वर जाईना.

"आणि तू ती परत खाली आणलीच नाहीस कधी," दादा म्हणाला. "मी वाट बघायचो. वाटायचं, याला आवडलं नसेल, नाहीतर इतकं आवडलं असेल की सोडवत नसेल. तेव्हा मीही नाही मागितलं. मधमाश्यांचं मला वाचायचं होतं रे."

"मीही नाही वाचलं," धाकटा म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. स्टूल, ती संध्याकाळ, फुकट गेलेला वेळ. सांगताना त्याचा आवाज रुमालात अडकत होता. दादाने डोकं खाजवलं. आपण तेव्हा कशाबद्दल तसं म्हणालो, हे त्याला मुळीच आठवेना.

"पाहुणचाराबद्दल," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या साहेबांच्या घरी गेला होतात तेव्हा." मग त्या दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "देवाने तुम्हा दोघांना तोंडं दिली ती कशाला? एकाला बोट ओलं करायला आणि दुसऱ्याला मिटून बसायला. एवढ्या वर्षांत मला विचारलं असतंत, तर मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं असतं."

धाकट्याने अखेर रुमाल सोडला. वास भसकन नाकात शिरला. त्याला स्वतःचाच वीट आला. सूक्ष्मदर्शकाखाली केसाच्या टोकाएवढा जंतू ओळखणाऱ्या डोळ्यांना घरात रोज समोर ठेवलेली गोष्ट दिसली नव्हती, कारण ते डोळे कोपऱ्यावरचा डाग शोधण्यात गुंतलेले होते. आणि ज्याच्यावर डाग नव्हता ते त्याने भिकार म्हणून धुळीत टाकलं होतं.

बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला. दुकानदार आत आला, घाम पुसत.

"काका, माल कुठेय? वरचा ना? तुम्ही म्हणालात गठ्ठे बांधून ठेवतो."

"तो नाही द्यायचा," धाकटा म्हणाला.

"अहो, सकाळी तर म्हणालात..."

"सकाळी माहीत नव्हतं."

"टेम्पो भरायला आणलाय मी, फिरायला नाही," दुकानदार कुरकुरला. मग त्याची नजर खालच्या ढिगाकडे गेली. "ही का नाही देत?" त्याने वरचं एक उचललं, फडफडवलं, कोपरा बघितला आणि हात विजारीला पुसला. "शी. ही कुणी चाटून ठेवलीत?"

"मी," दादा म्हणाला, कुणी नाव विचारल्यावर सांगावं तसं.

दुकानदाराने पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि दार न लावताच निघून गेला.

 मग धाकट्याने हातातलं पुस्तक दादाच्या मांडीवर ठेवलं.

"आधी तू," दादा म्हणाला. "तुझ्या फळीवर ठेव. ती सगळीच तुझी आहेत."

धाकट्याला ती हवी होती. कोरडी, सपाट, अगदी सकाळी मनात होती तशी, आणि ती वरती पडली होती, बिनबोटाची. आता ती फळीवर मांडून एकट्याने वाचत बसायची, या कल्पनेनेही त्याला मळमळलं.

"निम्मी तुझी," तो म्हणाला. "हे तू आधी वाच. झालं की मला पाठव."

"पाठवेन, पण ते..." दादाने आपल्या बोटाकडे बघितलं.

धाकटा स्वयंपाकघरात गेला, एका वाटीत पाणी घेतलं, त्यात कापसाचा बोळा घातला आणि वाटी खुर्चीच्या हातावर ठेवली. प्रयोगशाळेत नोंदवह्यांची पानं उलटताना सगळे असंच करत. हे इतक्या वर्षांत आपल्याला कसं सुचलं नाही, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच सोडला. सुचलं असतं तरी तो बोलला नसता.

दादाने पुस्तक उघडलं. पहिलं पान वाचलं, मोठ्या ऐटीत बोट बोळ्यावर टेकवलं आणि पान उलटलं. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्या पानावर राणीमाशी आली आणि दादा रंगला. त्याने बोट वाटीत बुडवलं, वर काढलं, आणि ते ओलं बोट जिभेवर टेकवून जरा घोळवलं. मग ते चकचकीत बोट काटकोनी कोपऱ्यावर येऊन बसलं.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

 घशाशी आलेलं धाकट्याने गिळलं. मग खिशातली लाकडी पट्टी काढून बघितली आणि परत खिशात ठेवली. ती लागणारच होती.

"दादा," तो म्हणाला, "पाठवशील तेव्हा सरळ ठेवून पाठव."

"हूं," दादा म्हणाला. त्याने वर बघितलं नाही. तो वाचत होता.