गळ्यातून गळ्यात

सप्ताहाची वीणा एकदा उभी राहिली की काल्याच्या कीर्तनापर्यंत भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. देणाऱ्याने घेणाऱ्याचे पाय शिवायचे, घेणाऱ्याने देणाऱ्याचे. मधे पाट नाही की खुंटी नाही. करंज्याच्या काशिराम कोळ्याने हा नेम मिसरूड फुटल्यापासून पाळला. बोट कुठेही असो, सप्ताहाला तो बंदरात हजर, आणि दुपारचा पहारा, जो उन्हामुळे कुणालाच नको असे, तो मागून घ्यायचा.

गेल्या वर्षी त्याच पहाऱ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. माणूस कोसळला, तशी वीणाही. भोपळा फुटला. मंदिरात दुसरी वीणा आली, कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. पण भोपळा फुटल्याचा आवाज काशिरामच्या कानातून जाईना. "माज्या हातून टेकली," एवढंच म्हणायचा. मुलगी सुमती त्याला पनवेलजवळ विचुंब्याला आपल्या घरी घेऊन आली. काठीने चार पावलं टाकू लागला, पण उजवा हात लुळाच राहिला. तर्जनी तेवढी आपोआप थरथरायची. यंदा एक पहारा करायचा आणि वीणा धडपणे पुढच्याच्या गळ्यात घालायची, हीच एक आस त्याने धरली होती. पण असल्या बोटाने तार बोलणार कशी?

पनवेलला तळ्याकाठच्या एका कौलारू शेडमध्ये रेडिओ दुरुस्त करणारा कमलाकर आणि गाणं शिकवणाऱ्या कुमुदताई दर रविवारी हौशी माणसं जमवून वाद्यं घडवायची. कळंबोलीच्या लोखंडबाजारातले पाइप, सायकलच्या तारा, मोडके कर्णे, काही वाया जात नसे. सुमतीने त्यांच्यापुढे पदर पसरला. आणि सप्ताहाच्या आदल्या दिवशी वीणा तयार झाली: भोपळा वाळवलेला, दांडी बांबूची, पोटात जुन्या टेलिफोनची आवाज टिपणारी चकती, तिथून वायर रेडिओच्या पेटीत.

"काका, एकदा गळ्यात घालून बघा," कमलाकर म्हणाला.

सुमतीने सवयीने वीणेला बुक्का लावला, पिशवीतला हार घातला. काशिरामने डोकं वाकवलं, "रामकृष्णहरी" म्हटलं आणि उभा राहिला. काठी भिंतीला तशीच. ते थरथरतं बोट तारेवर टेकलं मात्र, पेटीतून असा भरलेला नाद निघाला की कुमुदताईंनी डोळे पुसले. ज्या कंपाला वैद्यांनी रोग म्हटलं, तोच आता नाम घेत होता.

"झकास! आणा इकडे, वायरचा एक टाका कच्चा आहे. टेबलावर ठेवून पक्का करतो."

काशिराम मागे सरला. "ठेवायची नाय."

"म्हणजे?"

"बुक्का लागला, हार घातला, नाव घेतला. वीणा उभी रायली. आता काल्यापर्यंत खाली नाय."

"अहो, ही नुसती चाचणी होती!"

"ती तुमची. देवाला काय म्हाईत चाचणी?"

सुमतीने कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. हार कशाला घातला मेला!"

कमलाकर चिडला, मग हसला, आणि शेवटी म्हाताऱ्यासमोर गुडघे टेकून त्याने उभ्या वीणेलाच डाग दिला. कुमुदताई म्हणाल्या, "कमलाकर, जन्मात कुणापुढे वाकला नाहीस, आज बरा सापडलास."

काशिरामला मात्र हसू येईना. सगळा भार पेलणारा डावा पाय कापायला लागला होता. डोळ्यांपुढे गेल्या वर्षीची भुई आली. "घे रे कुणीतरी," तो कसाबसा म्हणाला. सुमती धावली बापाला सावरायला. तिचे दोन्ही हात त्याच्या कंबरेला. समोर कमलाकर. त्याने सोल्डरिंगची कांडी टाकली.

"पाय," काशिराम पुटपुटला. "आधी पाय."

देवळाची पायरी न चढलेला कमलाकर त्या भेगाळलेल्या पायांवर वाकला. काशिरामने डाव्या हाताने त्याच्या गुडघ्याखाली चाचपलं, तेवढंच पोचलं. मग मान खाली घातली. पट्टा एका मानेवरून सरकला आणि दुसऱ्या मानेवर बसला. तार क्षणभरही थांबली नाही.

काशिराम बाकावर बसला. "टेकली नाय ना?"

"नाय बाबा," सुमती म्हणाली. "टेकली नाय."

रात्रभर वीणा कमलाकर, कुमुदताई आणि सुमती यांच्यात फिरली. सकाळी करंज्याला जाताना उरणच्या एसटीत पेटी आणि वायर सुमतीच्या पिशवीत होत्या. कमलाकर वीणा गळ्यात घालून मधल्या वाटेत उभा, हलक्या बोटाने तार छेडत.

"जागा हाय की मास्तर, बसा," कंडक्टर म्हणाला.

"बसायचं नसतं," कमलाकर म्हणाला.

खिडकीजवळ काशिराम मान टेकून गाढ झोपला होता. दुपारचा पहारा अजून दूर होता.