मंजुळाबाईच्या खुंटीवरची लष्करी बाटली

दचकू नका, मीच बोलतेय. दचकायचा मान खरं तर माझा. दारावर कुणी काठी आपटली तरी माझं बूच हलतं. मी एक लष्करी पाण्याची बाटली आहे. अंग इनॅमलचं, वर खाकी लोकरी झगा, गळ्यात लांब पट्टा. लढाई पाहून आलेल्या बाटलीनं इतकं भित्रं असू नये, पण तोफांनीच माझा स्वभाव असा करून ठेवला.

कारखान्यातून निघाले ती अभिमन जीवराम नावाच्या शिपायाच्या खांद्यावर बसले. आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांना पहिला हुकूम माझ्याबद्दलच मिळाला. बंदूक विसरलात तर शिक्षा होईल, बाटली विसरलात तर मराल. एकदा तुकडीतल्या तिघांच्या बाटल्या फुटल्या. दोन दिवस चौघंही माझ्याच तोंडाला तोंड लावून प्यायले. कोण कुठल्या घरचा, हे त्यांनी एकमेकांना विचारलं नाही. मला तर ते विचारायचं असतं हेही ठाऊक नव्हतं.

१९४७ साली आम्ही दोंडाईचा स्टेशनवर उतरलो, तेव्हा ते हवालदार झाले होते. तिथून तीन कोसांवर त्यांचं गाव. गावानं त्यांना हवालदारभाऊ करून टाकलं. कापसाची शेती सांभाळून ते लोकांचे अर्ज लिहायचे, कचेरीत खेटे घालायचे. साहेबापुढे ताठ उभं राहायची सवय होतीच, आता तोंडात लोकांचं म्हणणं आलं. म्हणून १९५१ च्या हिवाळ्यात पहिली मोठी निवडणूक लागली, तेव्हा लोकांनीच त्यांना विधानसभेसाठी उभं केलं.

सायकलवर पुढे भाऊ, मागे कौतिक. हा त्यांचा मावसभाऊ, प्रचाराची सगळी जुळवाजुळव त्याच्याकडे. आणि भाऊंच्या खांद्यावर मी. रोज सकाळी त्यांची आई बेबाबाई मला घासूनपुसून भरायची. केवढी माया, असं मला वाटायचं.

एक दिवस आम्ही आमच्याच गावच्या वेशीबाहेरच्या वस्तीत गेलो. तिथल्या लोकांना गावच्या विहिरीला हात लावायची मनाई होती. ते नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरत. भाऊ तासभर बोलले, छानच बोलले. नव्या राज्यात माणूस माणसासारखा, असं बोलले. बोलून बोलून घसा सुकला. वस्तीतल्या मंजुळाबाईनं लख्ख घासलेला पेला आणि गुळाचा खडा पुढे केला. आणि भाऊंनी सवयीनं मला खांद्यावरून काढलं, बूच उपसलं आणि घटाघटा प्यायले.

मंजुळाबाईचा हात तसाच पुढे राहिला. तिचा सासरा भिकनआबा तंबाखू मळत होता. मान वर न करता तो म्हणाला,

“लढाईमा बी घरनंच पानी लई गयथा का, हवालदार?”

वस्ती हसली. भाऊही हसायला गेले, पण ते हसू ओठांपर्यंत पोचलंच नाही.

बाजाराच्या दिवसापर्यंत ते वाक्य गावोगाव फिरलं. भाऊ बोलायला उभे राहिले की मागून कुणीतरी विचारायचं, पाणी आणलंय ना? कौतिकनं तोड काढली. लढाईत आतडं बिघडलं, डॉक्टरांनी दुसरं पाणी बंद केलंय, असं सांगून टाका. चार मतं जास्तच पडतील. भाऊ म्हणाले, बघू. त्या ‘बघू’नं मला धडकी भरली. त्यांचं आतडं कसं आहे, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

घरी येऊन त्यांनी आईला विचारलं, तू ही रोज का भरतेस? बेबाबाई भाकरी थापत होती. तिला प्रश्नाचंच नवल वाटलं.

“बठ्ठास्ना घरनं पानी पेवानं नही, म्हनीसनी.”

सगळ्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून मी. भाऊ ओट्यावर येऊन बसले. मी त्यांच्या मांडीवर. मी समजत होते मी तहान भागवते. इतके दिवस मी त्यांच्या खांद्यावर कुंपण होऊन लटकत होते, आणि आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वस्तीत गेले. मला रिकामीच घेतलं. मंजुळाबाई गोवऱ्या थापत होती. भाऊ साहेबापुढे उभे राहावेत तसे तिच्यापुढे उभे राहिले.

“अक्का, आई भरून देत होती. का देते, ते मी कधी विचारलं नाही. चूक माझी आहे. मला पाणी द्या.”

ती उठली नाही. आज प्याल, म्हणाली, निवडून आलात की ही परत खांद्यावर चढेल. तिनं शेणानं भरलेलं बोट माझ्याकडे रोखलं.

“ती आठेच ठेवा. निवडी या, नका या, परत मागानी नही.”

भाऊंचा हात पट्ट्यावर गेला आणि थांबला. इथेच? कायमची? नका देऊ, नका देऊ, असं मी मनात म्हणत होते. त्यांनी मला उतरवलं, तपासणीला सामान मांडताना गुंडाळतात तसा पट्टा नीट गुंडाळला आणि मला उंबऱ्यावर ठेवलं. मंजुळाबाईनं हात धुतले, पेला आणला. झिऱ्याचं पाणी, तळाला बारीक रेती. भाऊ रेतीसकट प्यायले.

भाऊ निवडून आले. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. वस्तीची मतं कोणत्या पेटीत पडली, हे मंजुळाबाईनं मला कधीच सांगितलं नाही.

मुंबईला जाण्याआधी त्यांनी आपल्या मळ्यातली विहीर वस्तीला खुली केली. त्यापायी बेबाबाई संक्रांतीपासून होळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पण तोंड फिरवून. गावची विहीर उघडायला आणखी तीन वर्षं लागली. विधानसभेत त्यांचा पहिला प्रश्नही विहिरींचाच होता. पुढे नदीवरचा पूल, साक्रीकडचा रस्ता, पेन्शन अडलेले शिपाई, सगळं ते मांडत राहिले. गावी आले की मंजुळाबाईच्या ओट्यावर बसून मुंबईच्या गमती सांगायचे. पहिल्याच दिवशी अध्यक्ष उभे राहिले, तसे हेही ताडकन सावधान. शेजारच्यानं सदऱ्याला धरून खाली ओढलं. म्हणाला, अहो, इथे उलट आहे, अध्यक्ष उठले की आपण बसायचं. भिकनआबा हे प्रत्येक वेळी नव्यानं ऐकायचा.

१९५७ ला ते पुन्हा निवडून गेले, थोड्या मतांनी.

माझा झगा आता विटलाय. बूच हरवलं, तिथे मक्याच्या कणसाचा तुकडा बसवलाय. पण मी रोज भरते, रोज शेतात जाते, दहा बायांच्या हातांतून फिरते. सुखात आहे मी.

परवा मात्र जीव घाबरला. नवं महाराष्ट्र राज्य झालं, म्हणून दोंडाईच्याला आमदार भाऊंच्या लष्करी वस्तू मांडायच्या ठरल्यात. टोपी, बूट, पदकं जमली. कौतिक माझ्यासाठी आला. काचेचं कपाट आहे, म्हणाला, वर नावाची पाटी.

“भाऊनी धाडं का तुमले?” मंजुळाबाईनं विचारलं.

कौतिक चाचरला. त्यांना अजून विचारलं नव्हतं.

“मंग बाटली कामवर जायेल शे.”

कामावर गेलीय म्हणे, आणि मी तर तिच्या मागेच खुंटीवर होते. कौतिकला मी दिसले, नक्की दिसले. भीतीनं पोटातलं पाणी हललेलंही त्यानं ऐकलं असेल. त्यानं कपाळ पुसलं आणि पाणी मागितलं. मंजुळाबाईनं मला सावकाश खुंटीवरून काढलं आणि माझ्यातलंच पाणी त्याच्या पेल्यात ओतलं. तो प्यायला आणि सायकलवर बसून निघून गेला.

पुन्हा कुणी येईल, म्हणून सांगून ठेवते. काचेआड मला कुणी भरणार नाही हो, आणि न भरलेली बाटली आतून कुबट होते. ऊन चढलंय. कापसाच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाया बांधावर वाट बघतायत. येते मी.