बोट किती वेळा मागे गेलं

साहेबांनी पाटी माझ्या नाकासमोर धरली. "कॉम्प्युटरने तपासलीय. वाचायला सोपी, शंभरात ब्याऐंशी!"

पाटीवर होतं : बाष्पदाब निर्धारित मर्यादेपेक्षा अधिक झाल्यास आगम नियंत्रक अवरुद्ध करावा.

"शब्द मोजले त्याने," मी म्हणालो. "कॉम्प्युटरचा हात भाजत नाही, साहेब. माझ्या दादाचा भाजला."

आमची लाँड्री. वाफेच्या इस्त्रीयंत्रावर मागच्या महिन्यात दादा अशीच पाटी वाचत उभा राहिला आणि वाफ हातावर आली. उद्यापासून त्याच्या जागी वहिनी उभी राहणार. मी सातवी नापास, पण त्या रात्रीपासून एकच गोष्ट शिकलो : माणूस वाचताना अडला की त्याचं बोट ओळीवर मागे जातं. तेवढं मोजायचं. बाकी मार्क गेले खड्ड्यात.

"होऊन जाऊ दे परीक्षा, तुझ्या बोटाची," साहेब म्हणाले. यंत्र थंड होतं. वॉचमनला बोलावलं.

वॉचमनचं बोट पाच वेळा मागे गेलं. एकेचाळीस सेकंद! आणि मग गड्याने फिरवलं उजवं चाक, पाण्याचं. वाफेचं चाक डावीकडे!

"मेलास," मी म्हणालो. साहेबांचा चेहरा उतरला.

मग वहिनीला आत बोलावून तिच्यासमोर माझा कागद ठेवला. 'जीव म्हणजे धुतलेला कपडा नव्हे, पुन्हा मिळायला. काटा लाल पट्टीत गेला की डावं चाक बंद करा. बाजूला व्हा.' पहिल्या ओळीवर तीन रात्री घालवल्या होत्या मी.

वहिनीने डावं चाकच धरलं. पण बोट दोनदा मागे गेलं होतं, त्याच पहिल्या ओळीवर.

"भाऊजी, वाफ अंगावर येताना ही कीर्तनं कुणाला ऐकवताय?"

साहेब खो-खो हसले. माझे कान तापले. पण मोजमाप माझंच होतं. आपलं पोर नापास झालं म्हणून परीक्षा बदलायची? पेन काढला, ओळ खाडकन कापली.

"ड्रायव्हरला बोलवा!" आता साहेबच ओरडले, घड्याळ हातात घेऊन.

ड्रायव्हर आला, वाचलं, डावं चाक फिरवून बाजूला उडी मारली.

"सात!" साहेब किंचाळले. "सात सेकंद! बोट?"

"एकदाही नाही!"

वॉचमनने शिट्टीच फुंकली. वहिनीने ब्याऐंशी मार्कांची पाटी पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहायला बसली, काटा लाल पट्टीत गेला की...