उंबराच्या पाण्याची वहिवाट

"साएब, मी सांगतो त्याच्यावर तुमी विश्वास ठेवनार नाय," सिल्वेस्टर म्हणाला. गिरगावातल्या त्या वाडीत एवढं एकच वाक्य तो खरं बोलत असे. पण हे आरोग्य खात्याच्या मनमोहन गुप्त्यांना कुठून ठाऊक असणार?

गुप्ते आले होते विहीर बंद करायला. डासांचा कायदा स्पष्ट होता: उघडी विहीर दिसली की तिच्यावर लादी. अपवाद एकच, धर्मकार्याची जुनी वहिवाट असेल तर लादीत झाकण ठेवायचं. गवंडी सिमेंट कालवून बसला होता. आणि विहिरीपाशी उभे बँडवाले, नटलेल्या बाया, आणि कोरी घागर घेऊन सिल्वेस्टरची बायको मॅग्डलीन. उद्या त्यांच्या विनिफ्रेडचं लग्न. आज उंबराचं पाणी, त्या ईस्ट इंडियन ख्रिस्त्यांचा जुना रिवाज: वाजतगाजत विहिरीवरून आणायचं आणि त्यानं नवरीला न्हाऊ घालायचं.

"पण विहीर कोणाची?" गुप्त्यांनी विचारलं. मुंबई कोणाची म्हणून सबंध शहर रस्त्यावर उतरलं होतं. त्या मानानं हा प्रश्न त्यांना सोपा वाटला.

"जमीन माझी," ओट्यावरून अप्पा म्हणाले. ते जातीनं पाठारे प्रभू, वाडीचे मालक. "पाणी यांचं."

"जमीन तुमची, तर पाणी त्यांचं कसं?"

"आमच्या पणजोबांनी जागा घेतली तेव्हा हे लोक इथं पाणी भरतच होते. पाणी घेतलंच नाही हो आम्ही."

"मग नोटीस कोणाला द्यायची?"

"जमिनीची असेल तर मला द्या. पण जमिनीत डास होत नाहीत."

गुप्त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. पाण्याला नोटीस?

"दारात नळ आहे ना!" ते चिडून म्हणाले. "त्यानं घाला न्हाऊ."

"नळाचं पानी तानशाच्या तलावाचं," सिल्वेस्टर म्हणाला. "ते तिथल्या ठाकर-वारल्यांचं. त्यांना विचारून आनलंय काय? न विचारता आनलेल्या पान्याचं लगीन टिकत नाय, साएब. आमची ही बाव, ही हीर, पोर्तुगीजांच्या आदीची. लग्नाचा बँड वाजला की पानी आपसूक वर येतं, वाकून ओंजळ भरावी एवढं वर. माज्या लग्नात तर काठावरून सांडलं, पार अप्पांच्या ओट्याला लागलं!"

गुप्त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा गंभीरपणे ओट्याकडे बघत होते, जणू ओल अजून गेली नव्हती. पाणी कोणाचं, हे कायद्यात कुठं लिहिलेलंच नव्हतं. आणि घरी त्यांची बायकोही तानशाच्याच पाण्यावर संसार करत होती.

"झाकणापुरती जागा सोड," ते गवंड्याला म्हणाले.

इथं सिल्वेस्टरनं गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला लगाम कुठला!

"एकदाच नळाचं पानी घेतलं, साएब. हिच्या भावाच्या लग्नात, नॉर्मनच्या. आठवड्यात बायको पळाली!"

मॅग्डलीननं घागर दाणकन खाली ठेवली.

"खोटं!" ती कडाडली. "माजा नॉर्मन सुखानं नांदतोय. नळाचं पानी तुज्या लग्नात होतं! दोर तुटला म्हनून चोरून भरून आनलंस, मी बगितलं नाय काय?"

बँडवाल्यांनी माना खाली घातल्या. सगळीच बुजव म्हणून सांगायला गुप्ते गवंड्याकडे वळतायत हे दिसताच ती त्यांच्यावर उलटली.

"आनि त्याचं फळ हे बगा, साएब, समोर उबं हाय! माज्या पोरीला असला नवरा नको. ठेवा ते झाकन!"