वारुळावरची अळंबी

शिरढोणमागच्या रानात वारुळावर अळंबी फुटली होती. तिथल्या वाडीवरची हिराबाई दरसाल उमललेली तेवढी खुडायची. कळ्यांना आणि वारुळाला हात लावत नसे. खांदा कॉलनीच्या निसर्गमंडळाचे अध्यक्ष उदयसिंह ‘जंगल ओरबाडू नका’ असं पाऊण तास बोलले आणि अळंबी मुळासकट अभ्यासायला कुदळ घेऊन निघाले.

वारूळ फुटलं की पुढच्या साली अळंबी नाही! हिराबाई कुदळीच्या आडवी आली.

“सायेब, आत नाग हाय.”

“अंधश्रद्धा!” साहेब हसले, चार पावलं मागे सरकले आणि मंडळींना म्हणाले, “सापांच्या अधिवासात ढवळाढवळ नको. हीसुद्धा जबाबदारीच.”

टाळ्या पडल्या. हिराबाई त्याच वारुळाला टेकून निवांत अळंबी खुडू लागली. एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.